मांडवातली आब्लो-आब्लास

आरजू मिसनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं आणि लगेच त्याची शेपटी कापून टाकली.

"हे बघा, आब्लार. म्हणजे बोलणे. ह्याला म्हणायचं इन्फिनितिवो, मूळ रूप. ह्यात कोण बोलतंय, कधी बोलतंय, काही पत्ता नाही. नुस्तंच बोलणे. आता ही मागची 'आर' उडवली," त्यांनी डस्टरनं 'आर' खरोखरच उडवली, "राहिलं काय? आब्ल. हा धातू. आता जो बोलतो त्याच्या मापाचा प्रत्यय ह्याला जोडायचा. मी बोलते, आब्लो. तू बोलतेस, आब्लास. तो बोलतो, आब्ला. ह्यालाच क्रियापद चालवणे म्हणतात. समजलं?"

सगळ्या पोरींनी माना हलवल्या. संस्कृतीनं सगळ्यात जोरात हलवली, कारण तिला सगळ्यात कमी समजलं होतं.

हा वर्ग अंबाजोगाईत आरजू मिसच्या अब्बांच्या, म्हणजे ख्वाजाभाईंच्या फळांच्या दुकानावरच्या माडीत भरायचा. खाली मोसंब्या, वर स्पॅनिश. आरजू मिस हैदराबादला ही भाषा शिकून आल्या होत्या आणि घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम स्पॅनिशमध्ये करायच्या. शनिवारी कॉलेजच्या पोरींना फुकट शिकवायच्या. पण माडीवरचं कितीही ऐकलं तरी संस्कृतीच्या डोक्यात खालच्या मोसंब्यांसारखा ढीग व्हायचा. एक काढावी तर चार घरंगळायच्या.

"मिस, फळ्यावर पहिलं अक्षर तर एच हाय. मग हाब्लार कावून न्हाई?"

"तो एच लिहायचा, म्हणायचा नाही."

"म्हणायचाच न्हाई तर लिहायचा कशाला?"

"बसलाय बिचारा गप्प. बसू दे."

पोरी फिदीफिदी हसल्या. संस्कृतीला मात्र त्या एचबद्दल एकदम माया वाटली.

"आणि एक," मिस पुढं निघाल्याच होत्या, "सुखेतो म्हणजे कर्ता. तो स्पॅनिशमध्ये बोलायलाच पाहिजे असं काही नाही. नुस्तं 'आब्लो' म्हटलं की मी बोलते हे कळतंच. वेगळं 'यो', म्हणजे 'मी', कशाला?"

"मग कर्ता जातो कुठं?"

"क्रियापदाच्या पोटात."

"आणि मिस, तो बोलतो आब्ला, ती बोलते पण आब्लाच? मग बाई बोलली का बुवा बोलला, कळायचं कसं?"

"मागच्यापुढच्या बोलण्यावरून कळतं, बेटा."

कळतं म्हणे! संस्कृतीला मागचंही कळलं नव्हतं आणि पुढचंही. पण वर्ग सुटताना मिसनी तिलाच थांबवून घेतलं आणि जे सांगितलं त्यानं तिच्या पायाखालची माडीच हलली. पुण्याची एक संस्था मे महिन्यात स्पॅनिशचा निवासी वर्ग घेणार होती. राहणं, खाणं, शिकणं, सगळं त्यांचं. जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तोंडी परीक्षा. आणि मिसनी नाव कळवून टाकलं होतं: संस्कृती.

"माझं? मिस, मला तर काहीच येत न्हाई!"

"कुणालाच येत नाही. बाकीच्या मान हलवतात. तू विचारतेस. मला विचारणारी पोरगी पाठवायचीय."

आता हे ऐकून कुणीही उड्या मारत घरी गेलं असतं. संस्कृतीनंही मारल्या, पण घाटनांदूरच्या एसटीत बसल्यावर 'तोंडी' ह्या शब्दाशी ती अडकली. कारण दहावीच्या गॅदरिंगला तिनं एकदा भाषण केलं होतं. म्हणजे केलं नव्हतं. "सन्माननीय व्यासपीठ" एवढं म्हणून तिचा घसा जो बंद झाला तो झालाच. समोर माइक होता. तो माइकही बापाचाच. तिचे पप्पा गहिनीनाथ यांचा मांडव, खुर्च्या, स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा, आणि धंद्याचं नाव 'संस्कृती मंडप अँड साउंड'. म्हणजे आख्ख्या पंचक्रोशीत प्रत्येक कर्ण्यावर लाल अक्षरात हिचं नाव, आणि हिचाच आवाज फुटत नव्हता. गावातली पोरं अजून तिला 'व्यासपीठ' म्हणायची.

पण आरजू मिसच्या वर्गात निराळंच झालं होतं. तिथं सगळ्याच चुकायच्या. जिथं सगळेच चुकतात तिथं आपण चुकलो तर हसणार कोण? त्यामुळं तिथं तिचं तोंड जे उघडलं ते आता मिटेना. पुण्याला जायचं होतं ते ह्यासाठीच. जिथं आपण बोलतो तिथं अजून थोडं राहायचं होतं. एवढंच, पण ते तिला लई म्हणजे लईच पाहिजे होतं.

घरी आली तर गोडाऊनमध्ये मांडवाचं सामान उतरत होतं. खांब आणि कापड एकत्र बांधलेले गठ्ठे एकीकडं, रंगीत झालरी एकीकडं. संस्कृती गठ्ठ्यावर बसली आणि बघता बघता तिच्या डोक्यात बल्ब लागला. अरे, हेच की! आब्लार म्हणजे गोडाऊनमधला गठ्ठा. कुणाच्या लग्नाचा, कोणत्या तारखेचा, काही नाही. आपला नुस्ता मांडव. सोडला की खांब निघतात, तो धातू. आणि ज्याची ऑर्डर तशी झालर, तो प्रत्यय. माझी ऑर्डर असली तर ओ झालर, तुझी असली तर आस!

"पप्पा, इन्फिनितिवो समजलं!"

"कोण आलंय?" पप्पा म्हणाले.

पण आनंद चहा होईपर्यंतही टिकला नाही. कर्ता पोटात जातो म्हणजे कसा जातो? ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. आई, विजयमाला, घाटावरच्या मावशीशी फोनवर बोलत होती.

"न्हाई गं, आत्ताच आले. परळीला गेलते. सकाळी जेवूनबी गेले न्हाईत नीट. म्हणले उशीर व्हईल. आता पुन्हा जाणार हायेत उद्या."

संस्कृतीनं कान टवकारले. फोन ठेवल्याबरोबर तिनं विचारलं, "आई, परळीला कोण गेलतं?"

"कोण म्हंजे? गेलते."

"पण कोण?"

"येडी का खुळी तू! ह्या घरातून परळीला दुसरं कोण जातंय?"

"मग नाव का न्हाई घेतलं? मावशीनंबी इचारलं न्हाई कोण म्हणून!"

आईनं पदर सावरला. नवऱ्याचं नाव ती लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेत नव्हती. हाक मारायची तर "अहो", आणि माघारी "आलेत, गेलेत". संस्कृती ओरडलीच, "आई! तू स्पॅनिश बोलतेस! तुझा कर्ता पोटात हाय!"

"गप बस. शेजारी ऐकतील, काय समजतील?"

पण ह्यातनं तर गोंधळ अजूनच वाढला. आई म्हणते 'गेलेत'. म्हणजे मानाचं, अनेकवचनी. मग पप्पा स्पॅनिशमध्ये एक का अनेक? तिनं मिसना आवाजी मेसेज टाकला: "मिस, पप्पांना आब्ला लावायचं का आब्लान, ते 'ते बोलतात' वालं?" मिसचं उत्तर आलं, हसतच: "पप्पा किती आहेत तुला? एकच ना? मग आब्ला. तो बोलतो."

आईनं ते ऐकलं आणि हातातलं लाटणं थांबवलं. "तो? बापाला अरेतुरे? कसली गं भाषा शिकायलीस तू!"

"तिकडं तसंच असतंय, आई."

"असू दे तिकडं. ह्या घरात बापाला एकेरी चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गोडाऊनच्या ओट्यावर घोकत बसली. यो आब्लो, तू आब्लास. 'तू' म्हणजे तूच, ही एकच गोष्ट देवानं सोपी ठेवली होती. पुढं मात्र आम्हीचं नोसोत्रोस, तुम्हीचं बोसोत्रोस करता करता जिभेला गाठ बसायची. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शहादेव आप्पा आणि त्यांची भजनी मंडळी रोजच्यासारखी टाळ पुसत बसली होती. मारुतीच्या देवळातलं भजन शनिवारी, पण तालीम रोज, आणि तालमीला हार्मोनियम पप्पांची. आप्पा बराच वेळ कान देऊन ऐकत होते. शेवटी राहवलं नाही.

"पोरी, हे काय कोरडंच बडबडायलीस? असं पाठ व्हत नस्तंय. चाल लाव."

"आप्पा, हे स्पॅनिश हाय."

"असू दे की. पहिलं म्हण."

"यो आब्लो."

"तू आब्लास," पुढची ओळ आप्पांनी तिच्या घोकणीतनंच उचलली होती, आणि टाळ वाजवला. "आरं झेला रे! एकानं धरायचं, बाकीच्यांनी झेलायचं. काय त्याच्या पुढं, पोरी?"

"एल आब्ला."

मग काय विचारता! घाटनांदूरच्या ओट्यावर असा काही रंग चढला की रस्त्यावरनं जाणारे थांबून हात जोडायला लागले. संस्कृतीनं 'यो आब्लो' धरायचं, मंडळींनी 'तू आब्लास' झेलायचं. 'एल आब्ला' वर चढायचं, 'नोसोत्रोस आब्लामोस' खाली यायचं, 'बोसोत्रोस आब्लाइस' दुडकत जायचं आणि 'एयोस आब्लान' ला टाळ थांबायचे. सुट्ट्या लागल्यासारखं सोपं! मग खाणे, कोमेर. मग राहणे, बिबीर. एक भक्त बाई तर नारळ ठेवून गेल्या. कुठल्या देवाचं आहे हे विचारलंही नाही.

आठवडा सरता सरता संस्कृतीला तिन्ही क्रियापदं झोपेतही येत होती. अडचण एवढीच की ती आता सुटीसुटी येत नव्हती. 'आम्ही बोलतो' हवं असेल तर 'यो आब्लो' पासून सुरू करून, तू आणि तो ओलांडून, धावत आम्हीपर्यंत यावं लागायचं. एकोणतीसचा पाढा पाठ आहे पण एकोणतीस सत्ते किती म्हटलं की बोटं मोजत पहिल्यापासून म्हणावं लागतं ना, तसं. मिसनी फोनवर तीनतीनदा बजावलं: "बेटा, चालीत नको. ते मधूनच विचारतील."

"मग मधूनच कसं शिरू, मिस?"

"शिर गं. घर तुझंच आहे."

कुणाचं घर? कुठलं दार? काही कळत नव्हतं, आणि रविवार उजाडला.

मिसनी सांगितलं होतं, शांत जागा बघ आणि चांगला उजेड. हे ऐकून पप्पांच्या अंगात वारं शिरलं. "शांत जागा आन उजेड? आगं, हाच तर आपला धंदा हाय!" दुपारपासून गोडाऊनमध्ये ठोकाठोक. संस्कृती साडेचारला आत आली आणि दारातच खिळली. मागं जांभळा साटीनचा पडदा, त्यावर कागदी फुलांची कमान, खाली लाल गालिचा, आणि मधोमध लग्नातली ती सोनेरी खुर्ची, जिच्या दोन्ही हातांवर सिंहाची तोंडं असतात. समोर फोनचा स्टँड. बाजूला फोकस लाइट, इतका की माशीचीही सावली पडावी.

"पप्पा, परीक्षा हाय, लग्न न्हाई!"

"अगं, पुण्याच्या बाईंना वाटलं पायजे, पोरगी चांगल्या घरची हाय. फोन कर्ण्याला जोडू का? गावालाबी ऐकू येईल."

"कर्णा घरात आला तर मी माहेरी जाईन," आई म्हणाली, आणि तो विषय तिथंच मिटला.

पडद्यामागं शहादेव आप्पा आणि मंडळी सतरंजीवर बसली होती. "आमी परीक्षा ऐकायला आलोय," आप्पा म्हणाले, "चकार शब्द काढणार न्हाई." टाळ मात्र गळ्यात होतेच. टाळ नाही काढले कुणी, कारण टाळ कधी कुणी काढतच नाही.

पाच वाजता फोन वाजला. फोनच्या पडद्यावर पुण्याच्या परीक्षक बाई आल्या. चष्मा, खादीचा कुडता, मागं पुस्तकांचं कपाट. त्यांनी नमस्कारासाठी हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. त्यांची नजर सिंहांवरून फुलांवर, फुलांवरून फोकसवर गेली.

"संस्कृती... तुझ्याकडे आज काही कार्यक्रम आहे का?"

"न्हाई मॅडम. परीक्षा हाय."

"तुझं वय किती?"

"सोळा."

बाई फोनच्या जवळ सरकल्या, आवाज हळू केला. "बाळा, तुझं लग्न वगैरे तर नाहीये ना आज? काही असेल तर मला सांग."

"न्हाई हो मॅडम! पप्पांचा मांडवाचा धंदा हाय. ही भाड्याची खुर्ची हाय!"

बाईंनी सुस्कारा सोडला, पण भुवया काही खाली आल्या नाहीत. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. "ओला, संस्कृती. आब्लास एस्पान्योल?"

तू स्पॅनिश बोलतेस का! कळलं! पहिल्याच झटक्याला कळलं! आनंदाच्या भरात संस्कृतीनं तोंड उघडलं, आणि आठवडाभराच्या सवयीनं उत्तर जे आलं ते सुरातच आलं.

"यो आब्लोऽऽ..."

पडद्यामागून, टाळांसकट, सात-आठ घसे एकदम:

"तू आब्लाऽऽस!"

संस्कृतीचं काळीज थांबलं. टाळ थांबले नाहीत. झेलणाऱ्याचा दोष नसतो हो. ओळ हवेत आली की हात आपोआप वर जातात. "एल आब्ला! नोसोत्रोस आब्लामोस!" आणि मग कुणीतरी कुणाच्या तरी बरगडीत कोपर मारल्याचा आवाज, आणि शांतता.

बाई थिजल्या होत्या. परीक्षा चालू आणि मागून आवाज, म्हटल्यावर जगातल्या कुठल्याही बाईला एकच शब्द सुचतो.

"कोण आहे तिथे? तुला मागून कोण सांगतंय? ही कॉपी आहे, संस्कृती. मी परीक्षा थांबवते आहे."

"मॅडम!" पप्पा फोकसच्या उजेडात धावत आले. "आमची पोरगी तशी न्हाई. तिला काय सांगावं लागत न्हाई, तिला सगळं पाठ हाय!"

"म्हणजे तुम्ही कोण?"

"मी साउंडवाला."

पडद्याला फट पडून आप्पांचं डोकं बाहेर आलं. "बाईसाहेब, चूक आमची. तिनं धरलं, आमी झेललं."

"काय झेललं?"

"आब्लास."

आई कोपऱ्यातून म्हणत होती, "अहो, आधी त्यांना चहापाणी तरी विचारा." पप्पा म्हणत होते, "मॅडम, दहावीला शहात्तर टक्के हायेत." मंडळींपैकी कुणी म्हणत होतं, परत पहिल्यापासून घ्या, आमी गप बसतो. सगळे बोलत होते. सगळेच्या सगळे. एक संस्कृती तेवढी खुर्चीत बसली होती, सिंहाच्या तोंडात बोटं घालून, आणि घसा तस्साच बंद झाला होता, अगदी त्या दिवशीसारखा. सन्माननीय व्यासपीठ. फोनच्या पडद्यावर बाईंचं बोट लाल बटणाकडं निघालं होतं.

आणि मे महिन्यातलं पुणं हातातनं चाललं होतं.

"थांबा!"

हे कोण ओरडलं हे तिला आधी कळलंच नाही. मग सगळे तिच्याकडं बघायला लागल्यावर कळलं.

"पप्पा, तुमी थांबा. आप्पा, थांबा. मॅडम, तुमीबी थांबा, एकच मिनिट. कट नका करू."

तिनं स्टँडवरून फोन उपसला, उलटा धरला आणि दुसऱ्या हातानं जांभळा पडदा खस्सकन ओढला. कागदी फुलांची कमान आप्पांच्या डोक्यावर पडली. तिकडं पुण्यात बाईंना दिसली सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली म्हातारी मंडळी, गळ्यात टाळ, तोंडावर हात. एकानं भीतीनं टोपी काढून धरली होती.

आता सांगायचं काय? मराठीत सांगितलं तर पप्पांनी सांगितल्यासारखंच होणार. स्पॅनिशमध्ये सांगायचं तर ह्यांच्यासाठी 'ते' पाहिजे, एयोस, अगदी शेवटचं, आणि त्याच्यापर्यंत धावायला वेळ कुठं होता? आणि ते गात होते. गाणं तर आपण पाठच केलं नाही! गाणं म्हणजे... मिसनी एकदा ओझरतं सांगितलं होतं... कांतार. गठ्ठा. कधी न सोडलेला गठ्ठा. शेपटी उडव. खांब राहिले, कांत. आणि ह्यांच्या ऑर्डरची झालर...

"एयोस," संस्कृती म्हणाली. सूर नाही, टाळ नाही. "एयोस... कांतान."

ते गातात.

बाईंचं बोट थांबलं. "कांतान?"

"सी. नो आब्लान एस्पान्योल. कांतान." हो. ते स्पॅनिश बोलत नाहीत. गातात.

बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्या एकामागून एक विचारायला लागल्या आणि संस्कृती फोन हातात धरून गोडाऊनभर फिरत उत्तरं द्यायला लागली. हा कोण? मि पाद्रे, माझे वडील. काय करतात? हे तिला नीट समजलं नाही, पण अंदाजानं म्हणाली, त्राबाखा, काम करतात. कुठं? आकी, इथं. आणि ही? मि माद्रे. आई स्पॅनिश बोलते का? "नो," संस्कृती म्हणाली, आणि आईकडं बघून तिला एक शब्द सापडला, जो मिस वर्गात गोंधळ झाला की ओरडायच्या. "एस्कुचा." ऐकते.

"काय म्हणायल्या माझ्याबद्दल?" आईनं पदर डोक्यावर घेतला.

"आता सगळ्यांनी बाहेर जायचं," बाई मराठीत म्हणाल्या. "शटर खाली. आणि संस्कृती, डोळे मिटायचे, म्हणजे कुठलं बघून वाचायला नको."

शटर खडखडत खाली आलं. बाहेर एवढी माणसं असून एक टाळ वाजला नाही. डोळे मिटून संस्कृती खुर्चीत बसली. बाई विचारत गेल्या. कुठं राहतेस, काय खातेस, मैत्रीण कुठं राहते. तिनं 'आम्ही' म्हणताना 'तुम्ही' म्हटलं, एकदा क्रियापद चालवायचंच विसरून गठ्ठाच्या गठ्ठा पुढं ठेवला, एकदा काहीच न कळून "नो" म्हणाली आणि बाई हसल्या म्हणून मग "सी" म्हणाली. अंधारात कुठला प्रश्न कुठून येत होता कळत नव्हतं. मधेच बोट गुडघ्यावर ताल धरायला निघायचं, ती मूठ आवळायची.

शेवटी बाईंनी विचारलं, "इ तू? के क्येरेस?"

आणि तू? काय पाहिजे तुला?

पाहिजे! घरात आई म्हणायची, पोरीला काय पायजे हे पप्पांना इचारा. दुकानात पप्पा सांगायचे, हिला हे दाखवा. तिला स्वतःला सरळ कुणी विचारलं होतं असं आठवेना.

"क्येरो," मला पाहिजे. आणि पुढं? पुढं तिनं काहीच कापलं नाही, काहीच जोडलं नाही. फळ्यावर पहिल्यांदा लिहिलेलं होतं तसंच्या तसं ठेवलं, शेपटीसकट. "क्येरो आब्लार."

मला बोलायचंय.

मग बाई म्हणाल्या, "मुय ब्येन. नोस बेमोस एन मायो," आणि फोन बंद झाला.

शटर वर गेलं तेव्हा आख्खी गल्ली दारात होती. पप्पा पुढं. "काय म्हणल्या? पास का नापास?"

"नोस बेमोस एन मायो म्हणल्या."

"म्हंजे?"

"माहीत न्हाई."

"आता गं! मराठीत न्हाई का सांगितलं?"

"थांबा ना पप्पा, सोडवते." ती गालिच्यावरच बसली. "मायो म्हंजे मे. आन मोस ही झालर 'आपण' ची हाय. आब्लामोस, आपण बोलतो. कोमेमोस, आपण खातो. म्हंजे मे महिन्यात आपण... मी आन त्या मॅडम, दोघी मिळून... काहीतरी करतोय."

"काय करतोय?"

"खांब कळंना. बे... बे काय असतंय?"

"भांडणारबी असाल," आप्पा म्हणाले. कमानीचं एक फूल अजून त्यांच्या टोपीला चिकटलेलं होतं. "मघाशी लई तापल्या होत्या बाई."

आता मात्र सगळेच बुचकळ्यात पडले. कुणी म्हणालं परत परीक्षा असेल, कुणी म्हणालं चौकशी असेल. पप्पा म्हणाले, खुर्ची जरा जास्तच झाली का? एवढ्यात संस्कृतीच्या हातातला फोन थरथरला. आरजू मिस. त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की कर्णा जोडायची गरजच पडली नाही.

"पगली! बाईंचा आत्ता मला फोन आला! मे मध्ये भेटू म्हणाल्या त्या! भेटू! तुझी निवड झाली! आणि हे काय, म्हणाल्या मुलगी सिंहासनावर बसली होती?"

मग जो गोंधळ झाला तो लिहून सांगण्यासारखा नाही. टाळ वाजले. आप्पांनी 'नोस बेमोस' ची तिथल्या तिथं चाल बांधली. पप्पा फोकसचं बटण उगीचच चालू-बंद करत राहिले. आईनं कोपऱ्यात जाऊन मावशीला फोन लावला.

"हं, झाली निवड. जाणार हाय पुण्याला. मे महिन्यात."

पलीकडून मावशीनं काहीतरी विचारलं असावं, कारण आईनं एकदम पदर खोचला, दारातल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि त्या कर्ण्यांवरच्या लाल अक्षरांपेक्षाही मोठ्यानं म्हणाली, "कोण म्हंजे? संस्कृती! आमची संस्कृती जाणार हाय!"

फोन ठेवला आणि लेकीचा कान धरला.

"आन तू. मघाशी बापाला अरेतुरे केलंस ना गं, त्या बाईंसमोर?"

"आई, तिकडं तसंच असतंय!"

"त्राबाखा म्हणे. त्राबाखान म्हणायला काय झालं होतं?"

संस्कृतीनं आईकडं बघितलं. आईला ही 'ते' ची मानाची झालर कुणी शिकवली? ओट्यावरचं ऐकत, भाकऱ्या थापत, आठवडाभर... का अंदाजानं म्हणाली? विचारावं तर आई कधीच चुलीकडं निघून गेली होती.